व्यसनमुक्ती केंद्रातल्या बायकांना लैंगिक त्रासाबद्दल कसं विचारायचं? सगळ्यांचेच गुण कमी का येतात?

तुम्ही लिहिलंय की एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्याच्या पदव्युत्तर शिक्षणाच्या) फील्डवर्कला कोल्हापुरातल्या एका व्यसनमुक्ती केंद्रात आहात. लैंगिक आरोग्याचा १९ प्रश्नांचा फॉर्म हातात दिलाय. बायका एकतर हसतात, नाहीतर "सगळं बरं हाय" म्हणून उठून जातात. कसेबसे आठ फॉर्म भरले आणि आठही जणींचे गुण कमी आले, मग सगळ्यांनाच आजार आहे का, असा तुमचा प्रश्न आहे.

मी याच शहरात बारा वर्षं व्यसनाच्या उपचाराला आलेल्या बायकांची समुपदेशक म्हणून काम करते. आधी गुणांचं सांगते, कारण तिथंच मोठी चूक होते आणि ती मीही केली आहे.

तुमच्याकडचा फॉर्म बहुतेक एफएसएफआय, म्हणजे फीमेल सेक्शुअल फंक्शन इंडेक्स असणार. २००० साली तो प्रसिद्ध झाला. मागच्या चार आठवड्यांत इच्छा, उत्तेजना, ओलावा, ऑरगॅझम, समाधान आणि दुखणं कसं होतं ते विचारतो. गुण २ ते ३६ आणि २६.५५ च्या खाली गेले तर त्रास असण्याची शक्यता, असं धरतात. आता प्रश्न नीट बघा. १९ पैकी १५ प्रश्नांना शून्याचा पर्याय आहे आणि त्या शून्याचा अर्थ 'या काळात संबंधच आले नाहीत' एवढाच. बाई तीन आठवडे केंद्रात भरती आहे, किंवा विधवा आहे, किंवा नवऱ्यानं टाकून चार वर्षं झाली आहेत. ती शून्यच सांगणार. दुखण्याच्या प्रश्नांत तर दर वेळी दुखणाऱ्या बाईला १ मिळतो आणि महिनाभर कुणाच्या जवळच न गेलेलीला ०. म्हणजे बेरजेत दुसरी बाई जास्त आजारी ठरते! म्हणून शून्य कुठं कुठं आलंय ते आधी बघा आणि ज्यांचे संबंधच नव्हते त्यांचे फॉर्म बेरीज न करता बाजूला काढा. त्यांच्यासाठी एसेक्स नावाची पाच प्रश्नांची मोजणी बरी पडते. तिच्यात जोडीदार असायलाच हवा असं नाही. गुण ५ ते ३०, आणि इथं उलट, १९ किंवा जास्त आले तर पुढं चौकशी करायची.

पण खरी तपासणी फॉर्मच्या आधी होते. आमच्याकडं एक बाई होती, पस्तिशीची, मागावर कांड्या भरणारी. दारूसाठी आणलेली. पहिल्या आठवड्यात मी तिच्या कागदावर 'दारूमुळे इच्छा कमी' असं लिहून मोकळी झाले. महिन्याभरानं घरी जाऊन आठवड्यात परत आली, पिऊनच. त्या दिवशी दुपारी मागच्या पायरीवर आम्ही दोघीच वरण्याच्या शेंगा सोलत बसलो होतो. मी काहीच विचारलं नव्हतं. दाणे ताटात टाकता टाकता, मान वर न करता ती म्हणाली, "दारू सुटल्यापास्नं लई दुखतंय ताई. आधी दोन घोट घेतलं की कळत नव्हतं." किती वर्षांपासून, विचारलं. "धाकटा झाल्यापास्नं." धाकटा अकरा वर्षांचा होता. दारू आठ वर्षांची.

दुखणं आधीचं आणि दारू नंतरची. मी उलटं लिहिलं होतं. स्त्रीरोगतज्ज्ञांनी तपासलं तेव्हा जुना संसर्ग निघाला. नवऱ्यालाही औषध घ्यावं लागलं. तिनं पहिल्यांदा सांगितलं असतं तर, असं मला म्हणायचं नाही. मी विचारलंच नव्हतं.

तेव्हापासून मी प्रत्येकीबरोबर बसून एक रेघ काढते. पाळी आली, लग्न, बाळंतपणं, ऑपरेशन, नशा सुरू, गोळ्या सुरू, नशा बंद. मग त्या रेघेवर विचारते, त्रास कुठं सुरू झाला? आधी काय आलं ते कळल्याशिवाय कारण कळत नाही. नशेत किंवा नशा उतरतानाच्या दिवसांत बऱ्याच जणींना धड इच्छा नसते. म्हणून लैंगिक आजार आहे की नाही हा निर्णय साधारण महिनाभर नशा बंद राहिल्यावर करावा. काही प्रश्न मात्र पहिल्याच दिवसांत विचारावे लागतात. पाळी कधी आली होती, अंगावरून काही जातं का, संबंधानंतर रक्त जातं का, घरी जबरदस्ती होते का.

पाळीचा प्रश्न विसरू नका. ट्रामाडोल, कोडीनचं खोकल्याचं औषध, ब्राऊन शुगर, ही सगळी अफूच्या जातीची. त्यांच्यामुळं मेंदूकडून बीजांडकोशाला जाणारा हार्मोनचा निरोप मंदावतो. पाळी लांबते, थांबते, इच्छा जाते, कोरडेपणा येतो. बाईला वाटतं, पाळीच नाही म्हणजे दिवस राहणार नाहीत. तसं नसतं. नशा थांबली की पाळी यायच्या आधीच बीज सुटू शकतं. भरतीच्या दिवशी लघवीची गर्भचाचणी आणि जाताना गर्भनिरोधकाबद्दल बोलणं, एवढं तरी झालंच पाहिजे.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट कागदावर येतच नाही, ती म्हणजे मिसरी. "नशा?" म्हटलं की "न्हाई बाई" म्हणतात, आणि उशाखाली डबी असते. तव्यावर भाजलेली तंबाखूच ती, पण ती त्यांच्या लेखी दात घासायची वस्तू. म्हणून "मिसरी दिवसातनं किती वेळा लावता?" असंच थेट विचारा. निकोटीननं रक्तवाहिन्या आकसतात. उत्तेजना आणि ओलावा रक्तपुरवठ्यावरच अवलंबून आहेत.

औषधांची यादीही हवी. नैराश्याच्या एस्सिटॅलोप्रॅम, सर्ट्रालीनसारख्या गोळ्यांनी इच्छा कमी होते, ऑरगॅझमला उशीर लागतो. रिस्पेरिडोननं प्रोलॅक्टिन वाढून पाळी थांबू शकते. हे कळल्यावर बाई परस्पर गोळी बंद करते, तेव्हा सांगतानाच "डॉक्टरांशी बोलून बदलू, आपली आपण थांबवायची नाही" हेही सांगा.

शब्दांचं बघा. 'कामेच्छा', 'योनीमार्ग' म्हटलं की बाई गप्प होते. आमच्याकडं 'मालकांच्या जवळ जाणं', 'अंगावरनं पांढरं जाणं' असं बोलतात. तेच वापरा, पण धूसर ठेवू नका. "जवळ जाताना दुखतं का? सुरुवातीला दुखतं की आत?" इतकं स्पष्ट विचारा. आणि प्रश्नाआधी एक वाक्य, "दारू-गोळ्या घेणाऱ्या बऱ्याच जणींना असा त्रास होतो, म्हणून मी सगळ्यांनाच विचारते." नको वाटलं तर थांबायचं, हे आधी सांगायचं आणि खरंच थांबायचं. सासू किंवा नवरा खोलीत असताना यातलं एक अक्षरही काढायचं नाही.

तो फॉर्म कपाटात कुलपात ठेवा. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये दारू आणि अमली पदार्थांशी निगडित मानसिक अवस्थाही येतात आणि रुग्णाच्या माहितीची गुप्तता हा त्यात हक्क आहे. नवरा फी भरतो म्हणून तिनं काय सांगितलं ते त्याला कळवायचं नसतं. जबरदस्ती होते असं कुणी सांगितलं तर 'जोडप्याचं समुपदेशन' म्हणून लगेच नवऱ्याला समोर बसवू नका. तिला घरी जाऊन काय भोगावं लागेल याचा आधी विचार करा. केंद्रातल्या वरिष्ठांशी बोला, महिलांच्या मदतीचा १८१ नंबर तिला पाठ करायला सांगा.

तपासणीसाठी सीपीआर, म्हणजे इथलं सरकारी रुग्णालय आहे. आयसीटीसीत (सरकारी समुपदेशन आणि चाचणी केंद्रात) एचआयव्हीची चाचणी मोफत होते, समुपदेशन करून आणि संमती घेऊनच. तीस वर्षांच्या पुढच्या बाईची गर्भाशयमुखाची तपासणी त्याच फेरीत करून घ्या, पुन्हा ती येईलच असं नाही. शक्यतो स्वतः सोबत जा. केसपेपरच्या रांगेत 'कशासाठी' या प्रश्नावर बायका माघारी फिरतात, हे मी अनेकदा पाहिलंय.

आता तुमच्या आठ फॉर्मचं. ते फाडू नका. प्रत्येकावर पेन्सिलीनं तीन गोष्टी लिहा, या महिन्यात संबंध होते का, नशा बंद होऊन किती दिवस झाले, आणि त्रास नशेच्या आधीचा की नंतरचा. तिसरीचं उत्तर तुमच्याकडं नसेल. त्यासाठी पुन्हा एकेकीजवळ बसावं लागेल, फॉर्म बाजूला ठेवून.