"बाबा, तुमचे गुरू कोण?"

चिऊ,

फोनवर मी 'बघू' म्हणून विषय टाळला, ते तुझ्या लक्षात आलंच असेल. त्या झेन केंद्रातल्या बाईंची रीतसर शिष्या व्हायचंय म्हणालीस आणि लगेच विचारलंस, "आपण बौद्ध म्हणवतो, पण तुमचे गुरू कोण? तुम्हाला कधी ध्यानाला बसलेलं पाहिलं नाही." खरंय. लागलं मात्र.

आपल्या घरात गुरू म्हटलं की अण्णांच्या कपाळाला आठी पडायची. नरसिंग गिरजी मिलमध्ये पाळी करून आलेला माणूस; पायावर डोकं ठेवून घेणाऱ्या कुणाचंही नाव निघालं की ताटावरून उठायचा. बाबासाहेबांनी बुद्ध, कबीर आणि फुले यांना गुरू मानलं, आणि तिघांपैकी कुणालाच ते भेटले नव्हते. अण्णांना हे फार आवडायचं. पण 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात त्याच बाबासाहेबांनी भिक्खू चंद्रमणी महास्थविरांकडून त्रिशरण-पंचशील घेतलं आणि मग समोरच्या लाखोंना दीक्षा स्वतः दिली. संसारी माणसानं! अण्णा हा दुसरा भाग रंगवून सांगायचे, पहिला भरभर उरकायचे.

आमची शाळा म्हणजे बुधवार पेठेतलं विहार. वर्षावासात, आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, थोरली आत्या तिथे रोज संध्याकाळी बाबासाहेबांचा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचायची. बायका लसूण सोलत ऐकायच्या, मधेच थांबवून प्रश्न विचारायच्या. तिला कुणी गुरू म्हटलं नाही.

आणि एका मे महिन्यात, सोलापूरच्या त्या उन्हात, आजीनं हौसेनं मला श्रामणेर शिबिराला बसवलं, म्हणजे थोडे दिवस शिकाऊ भिक्खू व्हायला. दहा दिवसांचं असतं ते. डोकं तासलं, अंगावर भिक्खूंचं वस्त्र, चीवर चढलं, दुपारी बारानंतर जेवण बंद. (मला शेंगाचटणीची स्वप्नं पडायची.) आमचे भन्ते, म्हणजे शिकवणारे भिक्खू, फार बोलत नसत. चीवर सुटलं की न रागावता पुन्हा गुंडाळून द्यायचे. पठण अडलं की आठवेपर्यंत थांबायचे, पुढचा शब्द सांगायचे नाहीत. आजी भेटायला आली, पांढऱ्या साडीत, आणि वाकून मलाच म्हणाली, "वंदामि भन्ते." मी घाबरून मागे सरलो. भन्ते म्हणाले, "सरकू नको. ती तुला नाही, चीवराला वंदन करतेय."

शिबिर संपलं, केस वाढले, दहावी आली. भन्ते पुढच्या गावी गेले. ते माझे गुरू होते का? अण्णांपुढे असं म्हणायची सोय नव्हती, आणि मलाही अजून छातीठोक सांगता येत नाही. पण तुला मराठी वाचायला शिकवताना तू अडलीस की मी गप्प बसायचो, ते त्यांच्याकडून आलेलं.

म्हणून 'जाऊ नको' म्हणणार नाही. 'जा' म्हणायलाही जीभ जड होते. अण्णा माझ्यातही थोडे आहेत. तिथे वाकावं लागतं का, प्रश्न विचारलेला चालतो का, आणि नाही पटलं तर सोडता येतं का, एवढं त्या बाईंना विचार. काही लिहून द्यायचं असेल तर आधी मला पाठव. अडवायला नाही, नुसतं वाचायचंय.

आणि आत्याला फोन कर. तिला यातलं माझ्यापेक्षा जास्त कळतं.

बाबा