दाढी कोरायला आणि गाल-मान साफ करायला पहिला वस्तरा कोणता घ्यावा?

तुम्ही लिहिलंय की दाढी ठेवलेली आहे, गालांचा वरचा भाग आणि मान दिवसाआड साफ करायची आहे, कडा रेखीव हव्यात. त्यासाठी ब्लेड बदलायचा वस्तरा घ्यावा की धार लावायचा, आणि पट्टा-दगडासकट (धार जपायचा चामडी पट्टा आणि धार लावायचा दगड) मिळणारा सेट घ्यावा का, हे तुम्हाला विचारायचंय. मी बरीच वर्षं धार लावायच्या वस्तऱ्यानेच दाढी करतो आणि कडाही त्यानेच कोरतो, म्हणून सरळ सांगतो. ५/८ इंच रुंदीचा, गोल टोकाचा, हॉलो ग्राइंडचा, कार्बन स्टीलचा साधा वस्तरा घ्या आणि तो दाढीसाठी दगडावर धार लावूनच तुमच्या हातात येईल असं बघा. यातली शेवटची अट सगळ्यात महत्त्वाची. बाकीच्यांत थोडं इकडेतिकडे झालं तरी चालतं.

कारखान्यातून आलेल्या वस्तऱ्याला धार असते, पण ती दाढीची धार असेलच असं नाही. कागद कापला जातो, हातावरची लव उडते आणि गालावर मात्र पातं ओढतं. नवशिक्याचं घोडं अडतं ते इथेच. ओढतंय ते धार कमी म्हणून की आपला हात चुकतोय म्हणून, हे कळायला त्याच्याकडे काही मार्गच नसतो. मग तो जोर लावतो, पातं जास्त उभं धरतो आणि कापून घेतो. चारदोन वेळा असं झालं की वस्तरा कपाटात जातो आणि 'हे आपलं काम नाही' अशी कायमची समजूत होऊन बसते. या समजुतीमुळे किती जण सुरुवातीलाच थांबले असतील याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण नीट धारेच्या वस्तऱ्याने हात बसायला फार वेळ लागत नाही. म्हणून घेताना पहिला प्रश्न हाच विचारा: धार कोणी लावली, कोणत्या दगडावर संपवली? जाणकार माणूस लगेच सांगेल की १००० ग्रिटच्या (ग्रिट म्हणजे दगडाचा बारीकपणा, आकडा मोठा तितका दगड बारीक) आसपास धार बसवली, मग ४०००-८००० आणि शेवटी १२००० किंवा त्या तोडीचा नैसर्गिक दगड. 'कंपनीची धार आहे, मस्त आहे' एवढंच उत्तर आलं तर तो वस्तरा आधी धार लावायला द्यावा लागेल असं धरून चाला.

घरी तपासायचं असेल तर डोक्याचा एक सुटा, धुतलेला, कोरडा केस चिमटीत धरा आणि लोंबतं टोक धारेवर अलगद टेकवा. पात्याच्या मुठीकडच्या बाजूला, मध्यावर आणि टोकाशी, तिन्ही ठिकाणी केस सहज तुटला पाहिजे. प्रत्येकाच्या केसांची जाडी वेगळी, त्यामुळे ही परीक्षा अंदाजापुरतीच. खरी परीक्षा गालावर.

आता रुंदी. वस्तऱ्याची रुंदी पाठीपासून धारेपर्यंत मोजतात आणि ती इंचाच्या आठव्या भागांत सांगतात. ५/८ म्हणजे साधारण १६ मिलिमीटर, ६/८ म्हणजे १९. पूर्ण चेहऱ्याची दाढी करणाऱ्याला मी ६/८ सांगितला असता, कारण जरा वजन असलं की पातं स्थिर चालतं आणि फेसही जास्त मावतो. पण तुमचं निम्मं काम कडांचं आहे. रुंद पातं नाकाखाली आणि कल्ल्यांपाशी स्वतःच आड येतं, नेमकी रेषाच दिसत नाही. ४/८ अजून सुटसुटीत असतो खरा, पण हलका असल्यामुळे मानेवर त्याला सांभाळायला सवयीचा हात लागतो. म्हणून ५/८.

हॉलो ग्राइंड म्हणजे पात्याच्या दोन्ही बाजू आतून खोल घासलेल्या. असं पातं धारेपाशी पातळ आणि किंचित लवचिक असतं, खुंटांवरून चालताना बारीक आवाज करतं, आणि त्या आवाजावरून कोन बरोबर आहे की नाही याचा अंदाज यायला लागतो. वेज, म्हणजे न पोकळलेलं जाड पातं, दाट राठ केसांना छान असतं, पण दगडावर घ्यायला कटकटीचं. पहिल्या खेपेला फुल किंवा हाफ हॉलो, म्हणजे पूर्ण किंवा अर्धं पोकळलेलं पातं, पुरे.

टोकाबद्दल जरा जास्त लिहितो, कारण दाढी कोरणारे इथेच फसतात. चौकोनी, अणकुचीदार टोकाने रेषा अगदी काटेकोर निघते, हे खरं. पण तेच टोक कानाच्या पाळीत, नाकपुडीच्या कडेला आणि मान वळवताना जबड्याच्या खाली रुततं, कारण तुमची नजर रेषेवर असते आणि टोक नजरेआड. गोल टोकाने गालाची रेषा तितकीच सरळ येते. अडचण येते ती फक्त मिशीच्या कोपऱ्यांत आणि खालच्या ओठाखालच्या बारीक जागेत. तिथे काम भागत नसेल तर पुढे चौकोनी टोकाचा घ्या आणि धार लावणाऱ्याला त्याचा कोपरा दगडावर थोडा मारून द्यायला सांगा. चौकोनीपणा राहतो, टोचणं जातं.

ब्लेडच्या वस्तऱ्याबद्दल, ज्याला शॅवेट म्हणतात, सर्रास असं सांगितलं जातं की आधी त्यावर शिका आणि मग खऱ्याकडे वळा. मला हे पटत नाही. नेहमीच्या दुधारी ब्लेडचा अर्धा तुकडा ०.१ मिलिमीटर जाडीचा असतो, धारदार असतो आणि त्याची दोन्ही टोकं उघडी. वस्तरा हलका, धार आखूड, कोनाची चूक तो अजिबात माफ करत नाही. खऱ्या वस्तऱ्याची पट्ट्यावर फिरवलेली धार त्यामानाने मऊ लागते. शॅवेटवर शिकलेला हलका हात पुढे उपयोगी पडतो, एवढं मान्य. पण शॅवेटवर रक्त आलं म्हणून वस्तराच नको, असा निष्कर्ष काढू नका.

मात्र तुम्ही गाल-मान ट्रिमरनेच करणार असाल आणि आठवड्यातून एकदा फक्त कडा मारायच्या असतील, तर शॅवेटच घ्या. पट्टा नको, दगड नको, ब्लेड बोथट झालं की बदललं. त्यातही जाड आणि लांब खास ब्लेड घेणारे प्रकार मिळतात, जपानच्या फेदरचा आर्टिस्ट क्लब त्यातला प्रसिद्ध. ते अर्ध्या ब्लेडपेक्षा पुष्कळ स्थिर चालतात.

सेट घेऊ नका. वस्तरा, पट्टा, दगड, ब्रश, साबण, डबी असं सगळं एकत्र अगदी स्वस्तात मिळतं तेव्हा बहुतेक वेळा त्यातल्या वस्तऱ्याचं पोलाद मऊ असतं आणि धार टिकतच नाही. चमकदार, लाटालाटांच्या नक्षीचं पातं बघूनही भुलू नका. नक्षी दाढी करत नाही. हातात घेऊन बघायला मिळालं तर वस्तरा मिटवून बघा, पातं मुठीच्या दोन्ही पट्ट्यांच्या मधोमध बसलं पाहिजे. उघडून सपाट काचेवर ठेवा, पाठ आणि धार दोन्ही एका वेळी टेकल्या पाहिजेत. पात्याला पीळ असेल तर दगडावर धार सगळीकडे सारखी बसत नाही. धार मध्यभागी आत गेलेली असेल तर सोडून द्या. किंचित बाहेर आलेली, हसऱ्या ओठासारखी असेल तर हरकत नाही.

जुना वस्तरा घ्यायला मी कधीच नको म्हणणार नाही, कित्येक जुनी पाती आजच्यांपेक्षा सरस आहेत. फक्त धारेलगत गंजाचे खड्डे किंवा केसाएवढी चीर असेल तर घेऊ नका. पाठ घासून सपाट झालेली असेल तरीही नको. दगडावर पाठच कोन ठरवते, ती झिजली की धारेचा कोन बिघडतो.

नव्यात नाव बघायचंच असेल तर जर्मनीतल्या सोलिंगेनचे वस्तरे भरवशाचे. सोलिंगेन हे नाव १९३८ पासून कायद्याने राखलेलं आहे, कोणीही उठून पात्यावर कोरू शकत नाही. बोकर (१८६९) आणि डोव्हो (१९०६) तिथलेच. फ्रान्सच्या थिएर गावची थिएर-इसार (१८८४) हीसुद्धा जुनी कंपनी. यांचा सगळ्यात साधा, प्लास्टिकच्या मुठीचा वस्तरा घ्या. लाकडी मूठ पाण्याने फुगते आणि शिंगाची वाकते. स्टेनलेस घेतलात तरी चालेल, पण कार्बन स्टील दगडावर लवकर वळतं. दाढी झाली की पाण्याने पुसून कोरडं करायचं, पातं आणि मूठ जोडणाऱ्या खिळ्याकडे पाणी जाऊ द्यायचं नाही, तेलाचं बोट फिरवायचं आणि न्हाणीघराच्या दमट हवेत ठेवायचं नाही.

पट्टा मात्र वस्तऱ्याबरोबरच घ्या, त्याशिवाय धार दोन-तीन दाढ्यांत जाईल. ३ इंच रुंदीचा साधा चामडी पट्टा घ्या, महाग नको, कारण पहिल्या पट्ट्याला चिरा पडतातच. पट्टा ताणून धरा. पाठ आणि धार दोन्ही चामड्याला टेकवा आणि पाठ पुढे, धार मागे असं ओढा. शेवटाला पोचलात की पातं पाठीवरच उलटवा. पाठ चामड्यावरून सुटता कामा नये, धार तेवढी वरून फिरून दुसऱ्या अंगाला यावी. जोर वस्तऱ्याच्या वजनाएवढाच. दाढीआधी अशा ४०-५० फेऱ्या, सुरुवातीला अगदी सावकाश. धार लावायचे दगड आत्ता घेऊ नका, पट्टा नीट वापरलात तर काही महिने त्यांची गरज पडत नाही.

कडा कोरताना आधी ट्रिमरने रेषा आखून घ्या. जाड फेसाखाली रेषा दिसत नाही, म्हणून कडेपुरतं पारदर्शक जेल किंवा दाढीचं तेल लावा. मोकळ्या हाताने कातडी ताणा, पातं कातडीशी साधारण ३० अंशांत धरा आणि वरून खाली येत रेषेपाशी थांबा. रेषेवर पातं टेकवून वर ओढलं तर उलटी दाढी होते, ती पहिला महिनाभर नको. पातं धारेच्या लांबीच्या दिशेने आडवं कधीही सरकवू नका. बहुतेक जखमा त्यानेच होतात. मानेची रेषा कंठमण्याच्या दोन बोटं वर ठेवा, जबड्याच्या हाडावर आणलीत तर दाढी तोकडी दिसते. मानेवर केस एकाच दिशेने वाढत नाहीत, तेव्हा खुंट वाढलेले असताना बोटांनी चाचपून कुठे कसे वळतात ते लक्षात ठेवा. केस आत वळून पुटकुळ्या येत असतील तर मानेवर उलटा हात फिरवूच नका.

आणि वस्तरा हातातून निसटला तर झेलायला जाऊ नका, पाय मागे घ्या. पातं खराब झालं तर दगडावर नीट करता येतं. घरात दुसऱ्या कोणाला हौस वाटली तर त्याचा वस्तरा वेगळा असू द्या. रक्ताचा न दिसणारा अंशही हेपटायटिस बी आणि सीसाठी पुरेसा असतो, आणि तुमचं पातं नुसतं धुऊन त्याची खात्री देता येत नाही.