स्वतःचे प्रोजेक्ट आर्किटेक्टला खरंच उपयोगी पडतात का?

तुम्ही विचारलंय की 8 वर्षं डेव्हलपर म्हणून काम झालंय, आता सॉफ्टवेअर आर्किटेक्ट व्हायचंय, तर स्वतःचे प्रोजेक्ट करावेत की सर्टिफिकेशनच्या मागे लागावं.

प्रोजेक्ट करा. पण एकच, आणि असा की कोणीतरी तो रोज वापरेल. ऑफिसात मी डिझाइन करतो, रिव्ह्यू होतो, टीम कामाला लागते आणि वर्षभरात मी दुसरीकडे गेलेला असतो. माझ्या निर्णयाचं पुढे काय झालं, हे बहुतेक वेळा मला कळतच नाही. स्वतःच्या प्रोजेक्टमध्ये तो निर्णय वर्षानुवर्षं आपल्याच दारात येऊन उभा राहतो.

माझा प्रोजेक्ट म्हणजे गावच्या सार्वजनिक वाचनालयाची देवघेव. सुमारे 11,000 पुस्तकं, एक कॉम्प्युटर, सगळं सांभाळणाऱ्या एक ताई. पहिल्यांदा मी ऑफिसच्या सवयीने क्लाउडवर तीन सर्व्हिसेस आणि मध्ये एक क्यू (निरोप रांगेत धरून ठेवणारी सोय) असं उभं केलं. गावात नेट गेलं की ताईंसमोर ‘सर्व्हरशी संपर्क होत नाही’ अशी पाटी यायची आणि त्या मुकाट्याने वही काढायच्या. तेव्हा एसक्यूलाइट या डेटाबेसची जन्मकथा आठवली. 2000 साली रिचर्ड हिप अमेरिकी नौदलाच्या एका युद्धनौकेसाठीच्या सॉफ्टवेअरवर काम करत होते. डेटाबेस सर्व्हर बंद पडला की त्यांचा प्रोग्रॅमही अडायचा. म्हणून त्यांनी सर्व्हरच नको असा डेटाबेस लिहिला. मीही सगळं मोडून एक प्रोग्रॅम आणि एसक्यूलाइटची एक फाइल एवढ्यावर आणलं. वही अजून आहे, पण ती आता फक्त वीज गेल्यावर निघते.

खरं शिक्षण त्यानंतर झालं. एकदा ताईंचा फोन आला, ‘अहो दादा, ॲक्युप्रेशरची सात पुस्तकं कपाटात दिसतायत, कॉम्प्युटर दोनच म्हणतो.’ शोधलं तर ‘ॲ’ दोन तऱ्हेने टाइप झाला होता. काही नोंदींत अ आणि वर चंद्र अशी दोन चिन्हं, काहींत 2008 मध्ये युनिकोडमध्ये (कॉम्प्युटरसाठी प्रत्येक अक्षराला क्रमांक देणारं मानक) आलेलं एकच अक्षर. डोळ्यांना सारखंच दिसतं. ‘ऱ’चंही असं होतं, पण तिथे युनिकोडचं नॉर्मलायझेशन दोन्ही रूपं एक करतं. ‘ॲ’ला ते हातही लावत नाही, तो नियम मला स्वतः लिहावा लागला. मग क्रमवारी. युनिकोडमध्ये ‘ळ’ हा ‘ल’च्या लगेच नंतर येतो, आपल्या वर्णमालेत ‘ह’च्या नंतर. त्यामुळे यादीत ‘काळ’ हा ‘काव्य’च्या आधी यायचा आणि छापील यादीची सवय असलेले जुने सभासद ‘काही’च्या पुढे शोधत बसायचे. मराठीत सॉफ्टवेअर करायचं तर या गोष्टी पहिल्या दिवशी ठरवायला हव्यात असं मला आता मनापासून वाटतं. मी मात्र तोवर टेबलांच्या रचनेतच रमलो होतो.

सगळ्यात जास्त लागलं ते बॅकअपचं. ताई रोज संध्याकाळी प्रोग्रॅम चालू असतानाच डेटाबेसची फाइल पेनड्राइव्हवर घ्यायच्या, मीच तसं शिकवलं होतं. पण मी एसक्यूलाइटचा वॉल (WAL) मोड चालू ठेवला होता. त्यात ताज्या नोंदी आधी शेजारच्या वेगळ्या फाइलीत जातात, आणि साधारण 1000 पानं (डेटाचे ठरावीक आकाराचे तुकडे) साठल्यावर किंवा प्रोग्रॅम नीट बंद झाल्यावर मुख्य फाइलीत उतरतात. डिस्क गेली तेव्हा पेनड्राइव्हवर शेवटच्या दिवसाची देवघेव नव्हतीच. 43 पुस्तकं कोणाकडे आहेत हे ताईंनी आठवून आणि घरोघरी विचारून पुन्हा लिहिलं. वॉल मोडचं डॉक्युमेंटेशन मी वाचलेलं होतं. तरी त्यातला या वेगळ्या फाइलीचा परिच्छेद मला समजला तो त्या आठवड्यात. आता एसक्यूलाइटचीच बॅकअप कमांड चालते आणि दर महिन्याला ती प्रत दुसऱ्या लॅपटॉपवर उघडून मी आणि ताई फोनवर दहा नोंदी ताडून पाहतो.

हल्ली ऑफिसात कोणी डिझाइन घेऊन आलं की माझा पहिला प्रश्न असतो, ‘यातला बॅकअप परत उघडून कोणी आणि कधी पाहिला?’ हा प्रश्न मला वाचनालयाने दिला. सर्टिफिकेशनही करा, मुलाखतीपर्यंत पोचायला त्याची मदत होते. पण आधी तुमच्या ओळखीतला असा कोणी शोधा, जो काही बिघडलं तर थेट तुम्हालाच फोन करेल.