एमएला रिसर्च मेथडॉलॉजी आहे, काहीच कळत नाही. सर्व्हे करू की इंटरव्यू, सॅम्पल किती घेऊ? सोपा आणि सेफ ऑप्शन कुठला?

वयाने लहान असशील असं धरून तू म्हणते. "सोपा आणि सेफ" वाचलं आणि राहवलं नाही, कारण मीपण एमएला सेफच ऑप्शन घेतला होता आणि तो अजून दर गणेश चवथीला माझ्या मानगुटीवर बसतो.

माझा विषय होता घरातली भाषा आणि वाचन, डिचोली तालुका. मला लोकांशी नीट बसून बोलायचं होतं, पण गाईड म्हणाले गप्पा मारून एमए होत नाही, क्वेश्चनेअर कर, टेबल कर, पाय चार्ट कर. केलं. सात नंबरचा प्रश्न होता "तुमची मातृभाषा: कोंकणी / मराठी / इतर". आणि फॉर्म मराठीत छापलेला, हे तेव्हा कुणालाच खटकलं नाही, मलाही नाही.

मे महिना, एका वाड्यावर एक काकी सोप्यावर बसलेल्या, अंगणात सोलां वाळत घातलेली. सातव्या प्रश्नावर थांबल्या. म्हणाल्या, घरात कोंकणीच बोलतो, पण पेपर मराठी, आरती मराठी, भजन मराठी, शाळा मराठी झाली, मग काय लिहायचं? मी म्हटलं एकच टिक करायची आहे. त्या हसून म्हणाल्या, "तुका जाय तें बरय गो." म्हणजे तुला हवं ते लिही. तेवढ्यात त्यांचे यजमान आतून आले, माझ्या हातातला मराठी कागद बघितला आणि म्हणाले मराठी लिही, त्यात काय विचारायचं! काकी गप्प. मी मराठीवर टिक केली.

माझी एक वर्गमैत्रीण पुढच्याच वाड्यावर कोंकणीत छापलेला फॉर्म घेऊन फिरत होती, तिचा विषय वेगळा, पण भाषेचा प्रश्न जवळपास हाच. तिच्याकडे कोंकणीवर भराभर टिका पडल्या. दोन वाड्यांमध्ये एक व्हाळ, म्हणजे ओढा, आहे फक्त. व्हाळ ओलांडल्यावर मातृभाषा बदलते असं नाही ना, कागदाची भाषा आणि कागद धरणारी मुलगी कुणाची ह्यावर उत्तर बदलतं. हे समजलं तर मेथडॉलॉजीचा अर्धा पेपर समजला, बाकीचं गाईडबुकात आहेच.

माझे १२० फॉर्म झाले. मराठी ५०, कोंकणी ३९, आणि ३१ जणांनी काकींसारखं गप्प न बसता पेनने बाजूला "दोन्ही" लिहिलेलं. मला वाटलं हेच तर सापडलं! गाईड म्हणाले असा ऑप्शनच नाही, ते इनव्हॅलिड, काढून टाक. काढले. ८९ उरले, त्यात मराठी ५६ टक्के, चार्ट सुंदर आला, एक्स्टर्नल परीक्षकाने कौतुक केलं, मार्क चांगले पडले. तेच खुपतं. ३१ फॉर्म धरले असते तर तेच ५६ चं ४२ झालं असतं, आणि तेही माझ्या आत्याच्या ओळखीच्या, भजनी मंडळातल्या घरांमध्ये, म्हणजे सॅम्पल आधीच एका बाजूला कललेलं.

आता गंमत. माझा मामा पक्का मराठीवाला. दर चवथीला माटोळीखाली (गणपतीवर टांगलेल्या फळापानांखाली) बसून पाहुण्यांना सांगतो की आमच्या भाचीने सायंटिफिक रिसर्च केलाय, ५६ टक्के मराठी, सेन्सस खोटा! सेन्ससमध्ये २०११ ला अख्ख्या गोव्यात कोंकणी ६६ टक्के, मराठी ११ च्या किंचित खाली आणि हिंदी १० च्या किंचित वर. सेन्ससची व्याख्या अशी आहे की लहानपणी आई तुमच्याशी ज्या भाषेत बोलायची ती मातृभाषा, आणि अजून येणाऱ्या दोन भाषांसाठी वेगळी जागा असते. म्हणजे माझ्या ३१ जणांसाठी तिथे निदान एक खण होता, माझ्या फॉर्मात तोही नव्हता. ही व्याख्या मी फॉर्म छापायच्या आधी वाचली असती तर एवढं रामायण झालंच नसतं. तेव्हा आपल्या विषयावर आधी कुणी काय आणि कुठल्या शब्दांत विचारलंय ते बघ, लिटरेचर रिव्ह्यू म्हणतात तो ह्यासाठी असतो, पानं भरायला नाही.

मामाचा दुसरा आवडता आकडा १,३८,१७०. १६ जानेवारी १९६७ च्या गोव्याच्या जनमत कौलात फुलाला, म्हणजे महाराष्ट्रात विलीन होण्याला, पडलेली मतं. दोन पानांना, म्हणजे केंद्रशासित राहण्याला, १,७२,१९१ पडली. मामा फुलाची सगळी मतं मराठीची म्हणून मोजतो, समोरचा पानांची सगळी कोंकणीची म्हणून मोजतो. अरे पण प्रश्न भाषेचा होता कुठे? महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित राहायचं, दोनच खणं. वेगळं राज्य हा पर्याय कागदावरच नव्हता, ते झालं ३० मे १९८७ ला. ज्याला तेव्हाच राज्य हवं होतं त्यानेही दोन्हीतलं एक निवडलं किंवा घरी बसला. खण नाही म्हणजे माणूस नाही असं होत नाही, हे मी मामाला सांगते आणि मनातल्या मनात गाईडना.

सॅम्पलचं विचारलंयस. सगळे ३८४ सांगतील. तो आकडा ९५ टक्के कॉन्फिडन्स आणि पाच टक्के एररच्या फॉर्म्युल्यातून येतो आणि रँडम निवड असेल, म्हणजे प्रत्येकाला निवडलं जायची सारखी संधी असेल, तरच त्याला अर्थ आहे. व्हॉट्सअॅप ग्रुपवर गुगल फॉर्म टाकून ३८४ जमवलेस तर ते ३८४ मित्र आहेत, सॅम्पल नाही. १९३६ ला अमेरिकेत एका मासिकाने २० लाखांवर मतपत्रिका परत मिळवूनही, सॅम्पल कललेलं असल्याने, निवडणुकीचा अंदाज साफ चुकवला होता, हे तुमच्या नोट्समध्ये असेलच.

सर्व्हे की इंटरव्यू ह्याचं उत्तर तुझा प्रश्न काय आहे त्यावर आहे, आणि तो तू लिहिलाच नाहीस. किती लोक, किती वेळा, असं हवं तर सर्व्हे. का आणि कसं हवं तर बसून ऐक, आणि आठ-दहा इंटरव्यू खरोखर टाईप करून बघ म्हणजे गप्पा कोण म्हणतो ते कळेल, एका तासाच्या रेकॉर्डिंगला माझा अख्खा दिवस जातो. गोव्यातच जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी गणिती होते, जुनी नाणी तोलून त्यांच्या वजनांवर संख्याशास्त्र चालवायचे आणि तेच पुण्याच्या आसपासच्या टेकड्या तुडवत गावदेव्यांची ठिकाणं शोधत लोकांना विचारत फिरायचे. त्यांना कुणी म्हणालं नाही की एकच टिक करा. (कदाचित म्हणालेही असतील, पण त्यांनी ऐकलं नसेल.)

मी प्रोफेसर नाही, हायर सेकंडरीत सोशॉलॉजी शिकवते, तेव्हा माझं म्हणणं तपासूनच घे. सर्व्हे वाईट असं म्हणायचं नाहीये, माझा वाईट होता. गाईडशी भांडू नकोस, सही त्यांचीच लागते. नावं फॉर्मवर लिहू नकोस, गावात सगळे सगळ्यांना ओळखतात. आणि खाली कमेंटमध्ये मराठी-कोंकणी सुरू करू नका प्लीज, त्यासाठी माझा मामा पुरेसा आहे.

छापायच्या आधी फॉर्म पाच अनोळखी लोकांकडून भरून घे आणि ते कुठे अडखळतात ते बघ. "दोन्ही"चा खण गाईडनी काढायला लावला तर वाद नको, "इतर"च्या पुढची रेघ लांब ठेव. लोक लिहितात बरोबर.