साखर जाळली की जाळ होतो, मग पेशीत का होत नाही?

तुम्ही विचारलंय, ‘साखर जाळली की कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि उष्णता मिळते. पेशीश्वसनाचं समीकरणही तेच. मग अंगात जाळ का होत नाही, आणि ऑक्सिजन तिथे नेमकं करतो काय?’ मी दहावीला विज्ञान शिकवतो. समीकरण तोंडपाठ असलेली मुलंही नेमकी इथेच अडतात, म्हणून हा प्रश्न कुणी विचारला की मला फार बरं वाटतं.

हिशेब दोन्हीकडे सारखाच आहे, हे तुमचं बरोबर. १८० ग्रॅम ग्लुकोज चुलीत जाळा नाहीतर पेशींना द्या, सुटणारी एकूण ऊर्जा सुमारे ६८६ किलोकॅलरीच. फरक आहे तो वाटेत. आगीत ऑक्सिजन थेट साखरेवर तुटून पडतो. पेशीत मात्र या वाटेवर ऑक्सिजनची आणि साखरेची कधी गाठच पडत नाही.

भाकरीचा घास बराच वेळ चावत राहिलं की गोडसर लागतो, कारण लाळेने पिष्टाचे तुकडे पाडायला सुरुवात केलेली असते. आतड्यात त्याचं ग्लुकोज होतं आणि रक्तातून पेशीत पोचतं. पेशीद्रवात ग्लुकोजच्या एका रेणूपासून पायरुविक आम्लाचे दोन रेणू होतात. याला ऑक्सिजन लागत नाही, आणि पदरात पडतात एटीपीचे, म्हणजे पेशीला कामासाठी ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूचे, फक्त २ रेणू. आपल्या तांबड्या रक्तपेशींत तंतुकणिकाच (मायटोकॉन्ड्रिया, पेशीची ऊर्जाकेंद्रं) नसतात, त्या एवढ्यावरच भागवतात.

बाकीच्या पेशींत पायरुविक आम्ल तंतुकणिकेत शिरतं. तिथे, मुख्यतः क्रेब्ज चक्र नावाच्या अभिक्रियांच्या साखळीत, सगळे कार्बन कार्बन डायऑक्साइड होऊन सुटतात. चुन्याच्या निवळीत नळीने फुंकलं की ती दुधाळ होते, तो वायू इथला. त्यातला ऑक्सिजन आपण नाकाने घेतलेला नसतो, तो अन्नातून आणि पाण्यातून आलेला असतो. चक्रातल्या पायऱ्या इथे सांगत बसत नाही, त्या पुस्तकात आहेत. त्यांचा खरा उद्देश साखरेतले ऊर्जा बाळगणारे इलेक्ट्रॉन काढून एनएडीसारख्या वाहक रेणूंवर चढवणं हा आहे.

हे वाहक इलेक्ट्रॉन आणून देतात तंतुकणिकेच्या आतल्या पडद्यावर. तिथे प्रथिनांची साखळी असते. इलेक्ट्रॉन एकाकडून दुसऱ्याकडे जातात, वाटेत थोडी थोडी ऊर्जा सुटते आणि तिच्यावर प्रोटॉन (हायड्रोजनचे धनभारित कण) पडद्यापलीकडे ढकलले जातात. ऑक्सिजन बसलेला असतो साखळीच्या अगदी शेवटी. ऊर्जा देऊन झालेले इलेक्ट्रॉन तो स्वीकारतो, सोबत प्रोटॉन घेतो आणि त्याचं पाणी होतं. आता तुम्ही घेतलेल्या श्वासातल्या ऑक्सिजनचंही पाणीच होणार आहे.

सायनाइड हीच शेवटची जागा अडवतं. रक्तात ऑक्सिजन भरपूर असतो, पेशी तो वापरूच शकत नाहीत, म्हणून शिरांमधलं रक्तसुद्धा लालभडक राहतं आणि माणूस दगावतो. ऑक्सिजनचं काम याहून स्पष्ट मला दुसऱ्या कशातच दिसलेलं नाही.

आता पडद्यापलीकडे साठलेले प्रोटॉन. पडद्याच्या दोन बाजूंत विद्युतदाबाचा फरक सुमारे ०.१५ व्होल्ट. ऐकायला किरकोळ, पण पडदा जेमतेम ५-६ नॅनोमीटर जाड आहे, म्हणजे मीटरमागे अडीच-तीन कोटी व्होल्ट! कोयनेचं पाणी बोगद्यातून पोफळीच्या वीजगृहात उतरतं तसे हे प्रोटॉन एटीपी सिंथेज नावाच्या प्रथिनातून परत आत येतात आणि त्याला खरोखर गरगर फिरवतात. एका फेरीला ३ एटीपी. ब्रिटिश शास्त्रज्ञ पीटर मिचेल यांनी प्रोटॉनची ही कल्पना १९६१ साली मांडली, तेव्हा अनेकांनी ती मानली नाही. नोबेल मिळालं १९७८ मध्ये. पुढे १९९७ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी या प्रथिनाच्या फिरणाऱ्या भागाला चमकणारा धागा चिकटवला आणि तो फिरताना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. मुलांना हे सांगताना आजही माझ्या अंगावर काटा येतो.

एका ग्लुकोजमागे एटीपी किती? शालेय पुस्तकांत ३८ किंवा ३६ असतात, हल्लीचा हिशेब ३० ते ३२ चा आहे, कारण पडदा थोडा गळतो आणि ने-आण करायलाही ऊर्जा लागते. परीक्षेला बसणार असाल तर पुस्तकातलाच आकडा लिहा.

जाळाचं म्हणाल तर ऊर्जेचा निम्म्याहून जास्त भाग अखेर उष्णताच होतो, फक्त तो सगळ्या पेशींत विखरून, सावकाश सुटतो. आपलं ३७ अंशांचं अंग त्यावरच तापलेलं राहतं. तान्ह्या बाळांना तर नीट कुडकुडताही येत नाही. त्यांच्या पाठीत आणि मानेजवळ तपकिरी चरबी असते आणि तिथल्या तंतुकणिकांच्या पडद्यात एक वेगळं प्रथिन असतं. थंडी वाजली की ते प्रोटॉनना एटीपी न बनवताच आत सोडतं, आणि सगळी ऊर्जा बाळाला ऊब द्यायला जाते.