ट्रोजन घोडा, लाकडी घोडा आणि आपला सुरुंग

प्रश्न असा आहे: ग्रीक पुराणकथांवरच्या एका मालिकेची मराठी सबटायटल्स करणाऱ्या एका वाचकाने विचारलंय, की 'ट्रोजन हॉर्स'ला 'ट्रोजन घोडा' लिहावं, 'लाकडी घोडा' लिहावं, की 'कपटअश्व' असा भारदस्त शब्द घडवावा? आणि 'अमुक पक्षाने तमुक पक्षात ट्रोजन हॉर्स पाठवला' या अर्थाने वापरायला मराठीत काही आहे का?

पहिल्या भागाचं उत्तर सरळ आहे. लाकडी घोडा लिहा. 'ट्रोजन घोडा' कृपा करून लिहू नका. मराठीत गावावरून केलेलं विशेषण वस्तूला लागलं की ती वस्तू त्या गावची, तिथल्या माणसांच्या हातची असं कान धरून चालतो. कोल्हापुरी चप्पल कोल्हापूरच्या कारागिरांची, पुणेरी पगडी पुण्याची. मग 'ट्रोजन घोडा' ऐकणाऱ्याला तो ट्रॉयवाल्यांनी केला असं वाटलं तर त्याचा काय दोष? गेल्याच महिन्यात एका वृत्तनिवेदिकेच्या तोंडून मी 'ट्रोजन सैनिक घोड्यात लपून शहरात शिरले' हे वाक्य ऐकलं आणि टीव्ही बंद केला. शहर ट्रोजनांचं, म्हणजे ट्रॉयच्या लोकांचं. घोडा ग्रीकांचा, एपिओसने अथीनाच्या मदतीने बांधलेला. आत लपलेले ओडिसियस आणि त्याचे ग्रीक साथीदार. ट्रॉयवाल्यांनी तो घोडा स्वतःच शहरात ओढून घेतला. ज्यांचं शहर जळालं त्यांच्याच माथी कपटही मारायचं, हे मला सहन होत नाही. संगणकवाल्यांच्या 'ट्रोजनने हल्ला केला' मध्येही तोच उलटा न्याय आहे, पण तो शब्द आता रुळला, त्याला इलाज नाही.

हे नाव इंग्रजीत आलं लॅटिनमधून. नैव्हियस या जुन्या रोमन नाटककाराचं 'एक्वुस त्रोयानुस' नावाचं नाटकच होतं. रोमन लोक स्वतःला ट्रॉयहून निसटलेल्या एनियासचे वंशज मानत. त्यांच्या दृष्टीने ती आपल्या जुन्या गावावर गुदरलेली गोष्ट, म्हणून 'ट्रॉयचा घोडा'. मराठी माणसाला ते नातं नाही.

ग्रीक महाकवी होमर काय म्हणतो? त्याच्या ओडिसीच्या आठव्या सर्गात ओडिसियस दरबारी गायकाला सांगतो, तो घोड्याचा प्रसंग गा. तिथे घोड्याला विशेषण आहे 'दूरातेओस', म्हणजे लाकडी. (इलियडमध्ये हा प्रसंग शोधू नका, ते काव्य हेक्टरच्या अंत्यविधीवर संपतं. 2004 सालच्या 'ट्रॉय' चित्रपटाने इलियडच्या पुढे जाऊन घोडा दाखवला, म्हणून अनेकांना तो इलियडमधला वाटतो.) 'दूरातेओस' हे 'दोरू' या लाकूड आणि भाला अशा दोन्ही अर्थांच्या शब्दापासून झालं, आणि हा 'दोरू' आपल्या संस्कृत 'दारु'चा सख्खा भाऊ आहे, देवदार मधला. 'हिप्पोस' आणि 'अश्व' हेही एकाच मुळाचे. म्हणजे होमरचा शब्दप्रयोग संस्कृतात घातला तर 'दारुमय अश्व' होईल आणि दोन्ही शब्द माहेरचेच असतील. तरीही मराठी सबटायटलमध्ये तो लिहू नका. प्रेक्षकाला 'दारू' ऐकू येईल. 'कपटअश्व'ही नको. गोष्ट सांगणाऱ्याने घोड्याच्या नावातच कपट उघड केलं तर ट्रॉयवाल्यांनी तो आत ओढला कशाला?

आता दुसरा भाग, ज्यासाठी खरं तर मी लिहायला बसलो.

रोमन कवी व्हर्जिलच्या एनिड या महाकाव्यात, दुसऱ्या सर्गात, लाओकून नावाचा ट्रॉयचा पुरोहित धावत येतो आणि घोड्याच्या पोटावर भाला फेकतो. भाला थरथरत रुततो आणि आतली पोकळी घुमते, कण्हल्यासारखा आवाज करते. त्या आवाजावरून कळायला हवं होतं. कुणी ऐकलं नाही. चित्रकारांना आणि शिल्पकारांना हे पोट दाखवणं नेहमीच अवघड गेलंय, कारण जे लपलंय तेच दाखवायचं असतं. मिकोनोस बेटावर 1961 मध्ये सापडलेल्या इ.स.पू. 670 च्या सुमाराच्या मोठ्या रांजणाच्या गळ्यावर घोडा कोरलाय, पायांना चाकं, आणि अंगावर चौकोनी खिडक्या, प्रत्येक खिडकीत एक चेहरा. चित्रपटाला हे सोपं जातं, कॅमेरा आत शिरतो.

आणि गांधारातला एक छोटा शिलापट आहे, इसवी सनाच्या दुसऱ्या-तिसऱ्या शतकातला, ब्रिटिश म्युझियममध्ये. चाकांच्या फळीवर घोडा, मागून ढकलणारा माणूस, समोरून एक जण भाल्याचं टोक घोड्याच्या छातीला लावून उभा, आणि वेशीत हात वर करून अडवू पाहणारी स्त्री. लाओकून आणि ट्रॉयची भविष्यवेत्ती राजकन्या कसांड्रा. पण तिचा वेश आणि उभं राहण्याची ढब पाहिली की आपल्याकडच्या शिल्पांतल्या स्त्रिया आठवतात. आजच्या वायव्य पाकिस्तानातल्या कुणा शिल्पकाराला ही गोष्ट कथेसकट माहीत होती.

मग मला सांगा, गोष्ट इथवर आली तर शब्द आला नसेल?

आला. तो शब्द म्हणजे सुरुंग.

ग्रीक 'सूरिंक्स' म्हणजे वेळूची नळी, पावा, पुढे कोणतीही लांब पोकळ नळी. कर्मकारकात तो 'सूरिंगा' होतो. हेलेनिस्टिक, म्हणजे अलेक्झांडरनंतरच्या, काळात वेढा घालणारे जमिनीखालून तटापर्यंत जो मार्ग खणत त्यालाही हेच नाव. इजिप्तमधल्या राजांच्या डोंगरात खोल खोदलेल्या कबरींनाही ग्रीक 'सूरिंगेस' म्हणत. आपल्याकडे कौटिल्याच्या अर्थशास्त्रात 'सुरुङ्गा' येतो, भुयार या अर्थी. ग्रीक शब्द स्त्रीलिंगी, संस्कृतही स्त्रीलिंगी. अर्थ तोच, धंदाही तोच, वेढ्याचा आणि पळवाटेचा. संस्कृतचे अभ्यासक ओटो श्टाइन यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हे नातं तपशिलात मांडलं. दवाखान्यातली 'सिरिंज' ही याच घरातली, लॅटिनच्या वाटेने आलेली. सुरुंग आणि सिरिंज मावसभावंडं आहेत, हे पहिल्यांदा समजलं तेव्हा मी दोन दिवस भेटेल त्याला सांगत सुटलो होतो.

इथे दोन पक्षांशी माझं भांडण आहे. पहिला पक्ष 'सु + रंग' करणारा. या लोकांना कुठलाही शब्द दिला तरी 'सु' काढून बाजूला ठेवतात. भुयारात रंग कुठला? जुन्या पाठांत 'सुरुङ्गा' हा मधला उकार ठळक आहे, त्याचं काय करता, हे कुणी सांगत नाही. दुसरा पक्ष म्हणतो, महाभारतातल्या जतुगृहपर्वात, म्हणजे लाक्षागृहाच्या कथेत, पांडव कुंतीसह सुरुङ्गेत शिरले, मग शब्द ग्रीक कसा? अहो, महाभारत काही एका दिवशी लिहिलं गेलं नाही. त्याच कथेत त्याच भुयाराला 'बिल' असा साधा देशी शब्दही आहे. घरचा शब्द असताना पाहुणा शब्द येतो तो पाहुण्यांचं तंत्र पाहिल्यावरच. आग्नेय आशियाई भाषांकडे बोट दाखवणारेही आहेत, पण ध्वनी, लिंग, अर्थ आणि व्यवसाय असे चारही धागे एकत्र जुळवणारी दुसरी व्युत्पत्ती अजून माझ्यासमोर कुणी ठेवलेली नाही.

अर्थशास्त्राचे थोर संपादक र. पं. कंगले कौटिल्याला मौर्यकाळातच ठेवतात. त्यांच्या पाठसंपादनापुढे मी हात जोडतो, पण या एका शब्दापुरता त्यांच्याशी सहमत नाही. अलेक्झांडर इ.स.पू. 327 ते 325 मध्ये येऊन गेला. ग्रीक अभियंत्यांचा शब्द राज्यशास्त्राच्या ग्रंथात इतका मुरायला, त्याचं स्त्रीलिंगी संस्कृत रूप बसायला काळ जावा लागतो. बाख्त्रियाचे ग्रीक पुढे पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिले, तेव्हा तो मुरला. अर्थशास्त्राचे अनुवादक पॅट्रिक ओलिव्हेल हा ग्रंथ इसवी सनाच्या आरंभाच्या आसपास आणतात, तेच मला पटतं.

हिंदीत 'सुरंग' आजही भुयार किंवा बोगदा. मराठीत नाही! नोव्हेंबर 2023 मध्ये उत्तराखंडात सिल्क्यारा इथे 41 मजूर अडकले तेव्हा मराठी वाहिन्यांवर दिवसभर 'सुरुंगात अडकलेले मजूर' चाललं होतं. मराठीत सुरुंग उडतो, त्यात कुणी अडकत नाही. तो बोगदा. आपल्याकडे शब्दात स्फोट शिरला तो वेढ्यांमधूनच. आधी तटाखाली भुयार खणायचं, मग त्यात दारू ठासायची आणि वात द्यायची. 1660 मध्ये चाकणच्या संग्रामदुर्गाचा बुरूज शायिस्ताखानाच्या फौजेने असाच उडवला. भुयाराचं नाव स्फोटाला लागलं आणि भुयार विसरलं गेलं.

असं सगळे म्हणतात. मीही म्हणत होतो. पण माझ्या आजोळी विहीर खणताना पाहिलेली गोष्ट सांगतो. वीसेक फुटांवर काळा कातळ लागला होता. एक माणूस पहार धरून ती प्रत्येक घावाला थोडी फिरवत होता, दुसरा घण घालत होता. भोक मनगटाहूनही बारीक आणि हातभर खोल. मध्येच थांबून पातळ लांब पळीने आतला भुगा काढायचे, पाणी ओतायचे, पुन्हा घण. मग त्या भोकात दारू भरली, माती ठासली, वात सोडली आणि आम्हा पोरांना बांधाआड हाकललं. मी आजोबांना विचारलं, सुरुंग कुठाय? ते म्हणाले, "ते भोक दिसतंय ना, तो सुरुंग. दारू भरली नाही तरी सुरुंगच."

हातभर खोल, गोल, बारीक, पोकळ. ही नळी आहे. पावा आहे. भुयाराचा अर्थ विसरून मराठीतला शब्द फिरत फिरत पुन्हा सूरिंक्सच्या मूळ अर्थावर येऊन बसला, आणि तो बसवला कातळ फोडणाऱ्यांनी. कोशांत सुरुंग म्हणजे स्फोट घडवण्याची योजना, एवढंच वाचून पुढे जाणाऱ्यांनी एकदा विहिरीवरच्या माणसांना विचारायला हवं. भोकालाच सुरुंग म्हणणारे मला पुढे आणखी दोन ठिकाणी भेटले. माझ्यापुरता हा निकाल लागलेला आहे.

आणि आवाजावरून पोकळी ओळखण्याची लाओकूनची युक्ती वेढ्यात खरोखर वापरली गेली. इ.स.पू. 189 मध्ये रोमनांनी ग्रीसमधल्या अंब्रेकिया शहराला वेढा घालून खालून खणायला सुरुवात केली, तेव्हा आतल्यांनी तटालगत चर खणून त्यात पातळ पितळी भांडी ठेवली. कुदळीचा घाव पडला की भांडं घुमायचं. जागा कळल्यावर त्यांनी उलट बाजूने खणलं आणि एका रांजणात पिसं जाळून भात्याने धूर आत सोडला. ट्रॉयवाल्यांनी घोड्याच्या पोटाचा आवाज असाच ऐकला असता तर व्हर्जिलला काव्यच लिहावं लागलं नसतं.

तेव्हा 'पक्षात ट्रोजन हॉर्स पाठवला' याला मराठीत 'पक्षाला आतून सुरुंग लावला' हा प्रयोग आहेच, रोजच्या वापरातला आहे, आणि तो ग्रीकांकडूनच आलेला आहे. फरक एवढाच की घोड्यात बाहेरचे आत येतात आणि लाक्षागृहाच्या सुरुङ्गेतून आतले बाहेर जातात. फितूर माणूस दाखवायचा असेल तर 'गोड बोलून घरात शिरला' म्हणा. 'घोडा' हवाच असेल तर एकदा 'ट्रॉयचा लाकडी घोडा' लिहा, पुढे नुसता 'घोडा' चालेल. आणि लपलेल्या सैनिकांची गोष्ट आपल्याकडेही आहे, उदयन राजाला पकडायला उज्जयिनीच्या चंडमहासेनाने सोडलेला यंत्रहत्ती. कथासरित्सागरात पाहा. तिथे हत्ती आहे कारण उदयन हत्तींचा वेडा. ट्रॉयच्या घोड्याला हत्ती करू नका.

एक राहिलं. इलियडमध्ये 'सूरिंक्स' तीन जागी येतो. दहाव्या सर्गात अगामेम्नॉनला रात्री ट्रोजनांच्या छावणीतून पाव्यांचे सूर ऐकू येतात, अठराव्यात अकिलीसच्या ढालीवर गुराखी पावा वाजवत चाललेत, आणि एकोणिसाव्यात अकिलीस बापाचा जड भाला 'सूरिंक्स'मधून, म्हणजे भाल्याच्या नळीसारख्या घरातून, उपसून काढतो. त्या शेवटच्या ओळीत 'सुरुंगातून भाला उपसला' लिहिता यावं म्हणून मी फार धडपडलो. जमलं नाही, वाचणाऱ्याला धूर दिसतो. तुमच्या मालिकेत तो प्रसंग असेल तर 'नळीतून' लिहा.