तलावात बुडालेली पंपाची मोटार मॅग्नेटिक सेन्सरवाल्या रोबोटने सापडेल का?

सापडेल भाऊ, पण आधी तुमचा रोबोट सुधरवावा लागेल.

तुम्ही लिहिलंय की भंडारा जिल्ह्यातल्या मामा (माजी मालगुजारी) तलावात नावेवरून नेताना लोखंडी मोटार पडली, पाणी चारेक मीटर, खाली गाळ. पीव्हीसी पाइपचा आपोआप फिरणारा रोबोट आहे आणि मोबाइलमध्ये असते तसली होकायंत्राची चिप त्यात बसवलीय. विचार बरोबर आहे. गढूळ पाण्यात कॅमेरा आंधळा, जीपीएसचा सिग्नल पाण्याखाली पोचत नाही; चुंबकीय क्षेत्राला मात्र पाणीही आडवं येत नाही अन् गाळही.

खरी अडचण रोबोटच्या पोटात आहे. आपल्याकडे पृथ्वीचं क्षेत्र साधारण ४५ हजार नॅनोटेस्ला (चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक). एका वायरीतून १० अँपिअर जात असतील तर १० सेंटिमीटरवर तिचं एकटीचंच क्षेत्र २० हजार भरतं! रोबोटला पाण्यात ढकलणारा पंखा सुरू झाला की दिशा भरकटते ती यामुळेच. प्लस-मायनसच्या वायरी एकमेकींना पीळ देऊन न्या. सेन्सर नळीवर पुढे, पंख्यांपासून शक्य तितका लांब काढा. बॅटरीतल्या १८६५० सेलचं कवच पोलादी असतं, तेही मागे ढकला. स्क्रू पितळी किंवा नायलॉनचे. ‘स्टेनलेस आहे’ म्हणणाऱ्या दुकानदारावर न जाता चुंबक लावून बघा. विजेचा हा त्रास जुनाच. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाबा वेधशाळेचं चुंबकीय काम १९०४ मध्ये अलिबागला हलवावं लागलं होतं.

मग सगळं जोडून, रोबोट सर्व बाजूंनी फिरवून कॅलिब्रेशन करा, म्हणजे सेन्सरच्या आकड्यांतली चूक काढा. एकाच अक्षाचा आकडा बघू नका. रोबोट एक अंश कलला तरी त्यात जवळपास आठशे नॅनोटेस्लापर्यंत फरक पडतो. तिन्ही अक्षांचं एकूण क्षेत्र काढा.

आता अंतर. लोखंडाचा परिणाम अंतराच्या घनाने घटतो: एक मीटरवर जेवढा दिसेल, तीन मीटरवर त्याचा सत्ताविसावा हिस्सा. स्वस्त चिप शे-दोनशे नॅनोटेस्लाच्या आतलं धड सांगत नाही. म्हणून गाळापासून मीटरभर वरून चालवा, नांगराच्या तासांसारख्या मीटर-मीटर अंतराच्या रेघांत. बजेट असेल तर फ्लक्सगेट (जास्त बारीक मोजणारा चुंबकीय सेन्सर) घ्या, रेघा विरळ चालतील. जीपीएस तरंगत्या डब्यात ठेवून दोरीने रोबोटला बांधा, चार मीटर पाण्यात एवढं पुरतं.

दिशेसाठी मात्र हीच चिप वापरू नका. मोटारीजवळ गेल्यावर तीच बहकणार आणि रोबोट नेमका तिथेच वळण घेणार. जायरो (वळण मोजणारा सेन्सर) वेगळा लावा.

तुमचं नशीब एवढं की तलाव भंडाऱ्याकडे आहे. बुलढाणा-अमरावतीकडच्या काळ्या बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट (चुंबकीय लोहखनिज) असतं, तिथे खडकच खोटे इशारे देतो.

नकाशावर बहुधा जोडी दिसेल: दक्षिणेला आकडा चढलेला, उत्तरेला उतरलेला. मोटार त्या दोघांच्या मधे. तिथे बांबू रोवा आणि गावच्या ढीवर (मासेमार) मंडळींना गळ टाकायला बोलवा. पोरांना गाळात बुड्या मारायला लावू नका.